खालचा हात

देणारा हात वरचा, घेणारा हात खालचा, आणि वरचा हात खालच्या हाताहून चांगला, ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकांनी मकतबमध्ये असतानाच ऐकलेली असते. ती खरीच आहे. पण सगळ्यांनीच वरचा हात व्हायचे ठरवले तर खालचा हात कोणी व्हावे? आणि ज्याच्यावर खालचा हात होण्याची वेळ येते, त्याने तो पुढे कसा करावा? जकात कशी द्यावी यावर आपल्याकडे भाषणे होतात. मेहमाननवाजी कशी करावी हे घराघरांत मुलींना शिकवले जाते (मुलांना का नाही, हा वेगळा विषय). घेण्याचा अदब मात्र आपण विसरत चाललो आहोत. इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये जेवणाच्या अदबीवर स्वतंत्र भाग लिहिला, त्यात मेजबानाबरोबर मेहमानाच्या वागणुकीचाही विचार केला. त्यांना तो महत्त्वाचा वाटला, यातच काय ते आले.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एक दूरचे उदाहरण सारखे आठवत राहते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली अमेरिकेत 'पीस कोअर' नावाची योजना सुरू केली. तिच्यातून अमेरिकन तरुण-तरुणी, कधी वयस्क माणसेही, सुमारे सव्वादोन वर्षांसाठी परदेशात खिदमत करायला जातात. १९७६ पर्यंत हे स्वयंसेवक भारतातही येत असत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, याच योजनेतून आपल्या विक्रोळीत परिचारिका म्हणून काम करायला आल्या होत्या. पण आम्ही येथे बोलणार आहोत ते मोरोक्कोला जाणाऱ्यांबद्दल. कारण तिथला मेजबान मुसलमान असतो आणि पाहुणा बहुधा नसतो.

मोरोक्कोत उतरलेला स्वयंसेवक पहिले सुमारे तीन महिने एका स्थानिक कुटुंबात राहतो. तिथेच तो दारिजा, म्हणजे मोरोक्कोची बोलीभाषा, शिकतो. मग त्याला नेमणुकीचे गाव मिळते. तिथेही सुरुवातीचे काही आठवडे तो दुसऱ्या एका कुटुंबात काढतो आणि नंतर स्वतःचे घर भाड्याने घेतो. काम बहुतेक तरुणांबरोबर असते. 'दार शबाब' नावाची युवक केंद्रे गावोगाव आहेत, तिथे इंग्रजी शिकवणे, खेळ घेणे असे ते चालते.

आता या माणसाची अवस्था पाहा. तो पदवीधर असतो, एका बलाढ्य देशाचा नागरिक असतो आणि मदत करण्याच्या नियतीने आलेला असतो. म्हणजे स्वतःच्या समजुतीप्रमाणे तो वरचा हात. आणि घरात शिरल्या क्षणापासून त्याला पाणी मागता येत नाही. गुसलखान्यात काय कसे वापरायचे ते सहा वर्षांचे पोर त्याला दाखवते. बोलताना चूक झाली की तेच पोर हसून दुरुस्त करते. बाजारात त्याच्याबरोबर घरातला कोणीतरी जातो, कारण एकट्याला भाव कळत नाही. पुष्कळदा त्याचे नावही बदलते, घरचे त्याला आपल्या जिभेवर बसणारे एखादे नाव देऊन टाकतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. नव्या भाषेत तोंड उघडताना मोठी, हुशार मुलेही कशी एकदम लहान होऊन जातात, हे आम्ही रोज पाहतो. बी.एड.ला आम्हाला शिकणाऱ्याचे मानसशास्त्र शिकवले गेले, पण शिकणाऱ्याची लाचारी हा धडा त्यात नव्हता.

भाषा येत नसेल तर पाहुणचारही भीतिदायक वाटतो. मोरोक्कोच्याच टँजिअरमध्ये १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता, जो पुढे आपल्या दौलताबादेतही येऊन गेला, त्याने तुर्कस्तानातल्या लादीक गावचा, म्हणजे आजच्या देनिझलीचा, एक प्रसंग सांगून ठेवला आहे. बाजारातून जाताना काही माणसे दुकानांतून उतरून आली आणि त्यांनी याच्या घोड्यांचे लगाम धरले. मग दुसरी टोळी आली. दोघांत बाचाबाची होऊन सुरे निघाले. याला वाटले, दरोडेखोर आहेत. अरबी जाणणारा एक जण भेटला तेव्हा उलगडा झाला, की हे दोन्ही अखी बिरादरीचे लोक असून पाहुणा कोणी न्यायचा यावर भांडत आहेत! शेवटी चिठ्ठ्या टाकून प्रश्न सुटला.

आता दस्तरखानाकडे येऊ. मोरोक्कन घरात एका मोठ्या थाळीभोवती सगळे बसतात, बिस्मिल्लाह म्हणून उजव्या हाताने रोटीच्या तुकड्याने आपल्या समोरच्या भागातले खातात. ताजीनमध्ये गोश्त मध्यभागी असते, भाज्या सभोवती. गोश्तचे तुकडे शेवटी घरातले मोठे माणूस वाटते आणि चांगला तुकडा पाहुण्यापुढे सरकतो. शुक्रवारी कुसकुस. आणि 'कूल, कूल', म्हणजे 'खा, खा', हा घोष. तिथे राहून आलेल्यांच्या आठवणींत हा शब्द हटकून असतो. पोट भरले आहे हे त्या घराला पटवून देणे हे त्यांना दारिजाच्या व्याकरणाहून अवघड गेले.

इथेच खरी गाठ आहे. सुसंस्कृत माणसाला वाटते, यांच्या घरात खाणारी तोंडे सात, कमावता एक. आपण कमी खावे, चांगला तुकडा परत सरकवावा. नियत उत्तम आहे. पण हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्याकडे आलेल्या मेहमानांचा किस्सा आठवा. कुरआन शरीफमध्ये तो सूरह हूदमध्ये आहे आणि सूरह जारियातमध्येही. त्यांनी भाजलेले वासरू पुढे ठेवले आणि पाहुण्यांचे हात त्याच्याकडे जात नाहीत असे पाहून त्यांच्या मनात भीती उतरली. ते फरिश्ते होते, त्यांना भूक नव्हती. इब्राहीमना ते कुठे ठाऊक होते? जो खात नाही तो आपल्यातला नाही, त्याच्या मनात काय आहे कळत नाही, असे घराला वाटते. आमच्या शाळेत दूरच्या वाडीतून येऊन मामाकडे, फुफूकडे राहून शिकणारी मुले असतात. त्यातली शहाणी मुले दुसरी रोटी मागत नाहीत, 'भूक नाही' म्हणतात. आपण ओझे होऊ नये, हा त्यांचा हिशेब. आणि मामी घरोघर सांगत फिरते, की पोराला आमच्याकडे करमत नाही!

घेण्यास नकार देणारा स्वतःची मान उंच ठेवतो, पण समोरच्याची देण्याची ऐपत नाकारतो, असे आमचे मत झाले आहे. गरीब घराला पाहुण्यापुढे गोश्तचा तुकडा सरकवता येतो, त्या घटकेपुरता त्याचा हात वरचा असतो. त्याच्या हातून तो मान काढून घेण्याचा हक्क मदत करायला आलेल्यालाही नाही.

यावर आक्षेप येईल की ते घर फुकट कुठे ठेवते? योजनेकडून त्या कुटुंबाला राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. मग याला मेहमाननवाजी म्हणावे की खानावळ? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या शरीअतने मेहमानीची मुदत तीन दिवस धरली आहे. पुढचे ते सदका, आणि मेजबानाला अडचणीत टाकेपर्यंत राहणे पाहुण्याला जायज नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानेही १७९५ साली 'शाश्वत शांती'वरील निबंधात असाच भेद केला. परक्या भूमीत गेल्यावर शत्रूसारखी वागणूक मिळू नये हा प्रत्येकाचा हक्क, पण घरात राहायचे तर वेगळा करार हवा. तेव्हा तीन महिन्यांच्या मुक्कामाचे पैसे देणे यात मेहमानीचा अपमान नाही, तिची मर्यादा पाळणे आहे. बिघडते ते पाहुणा मनात 'मी मोजले आहेत' असे म्हणू लागला की. पैशात पीठ, तेल, गॅस बसतो. हम्मामात नेऊन पोटच्या पोरीसारखी पाठ घासून देणारी घरमालकीण बसत नाही.

आणि ही मालकीण कोण, हेही बोलले पाहिजे. मेजबानीचे नाव घराच्या पुरुषाचे होते, पीठ मळते बाई. पुरुष पाहुणा बैठकीत चहाचे ग्लास रिकामे करत बसतो, त्याला आतले कष्ट दिसतही नाहीत. मुलगी असेल तर तिला स्वयंपाकघर खुले होते, पण तिथेही भांड्यांना हात लावू देत नाहीत, 'बस, बस' म्हणतात. ज्या दिवशी तिला भांडी घासू देतात, त्या दिवशी ती घरची झाली. तीन दिवसांच्या नियमाचा अर्थ आम्हाला असाही लागतो, की चौथ्या दिवशी पाहुण्याने बाही वर करावी.

सगळ्यांत कठीण भाग पुढे आहे. रमजान येतो. घर रोजे ठेवते. पाहुण्याला सूट असते, तरी पुष्कळ स्वयंसेवक रोजे ठेवतात आणि मगरिबला घरच्यांबरोबर खजूर आणि हरीरा घेतात. ईमान नसताना ठेवलेला रोजा म्हणजे ढोंग का? आम्हाला तसे वाटत नाही. ज्या घराची रोटी खातो त्या घराच्या भुकेत सामील होणे ही शराफत आहे. पण मग शेजारणी विचारतात, रोजे ठेवतेस तर कलमा का पढत नाहीस? त्या मायेनेच विचारतात. त्यांचे मन राखायला तोंडदेखले काही म्हणणे हे मात्र आम्ही चूक मानतो. रोजातून तो सोबत दाखवतो. खोट्या शब्दाने मेजबानाची फसवणूक होते.

आणि जो गप्प राहतो त्याचे काय? मुस्लिम देशांत काम केलेल्या काही ज्यू स्वयंसेवकांनी नंतर सांगितले आहे, की आपण ज्यू आहोत हे त्यांनी मेजबान कुटुंबाला कळू दिले नाही. मोरोक्कोत १९४० च्या दशकात अडीच लाखांच्या आसपास ज्यू राहत होते आणि १९४८ नंतरच्या दोन दशकांत त्यातले बहुतेक निघून गेले. म्हातारी माणसे त्या शेजाऱ्यांची आठवण अजूनही काढतात. तरीही पाहुण्याला धीर होत नाही. आई म्हणून हाक मारायची, तिच्या हातचे खायचे, आणि नाव सांगताना अडखळायचे. याचा दोष आम्ही त्याच्या माथी मारणार नाही. मुंबई-पुण्यात भाड्याची खोली शोधताना नाव सांगताच फोनवरचा आवाज कसा बदलतो, हे आपल्यातल्या किती जणांना नव्याने सांगायला हवे? टोपणनावावर दिवस काढणारी पोरे आपल्या मोहल्ल्यातही आहेत. ज्या घरात पाहुण्याला खरे नाव सांगायची भीती वाटते, त्या घराने त्याला कितीही जेवू घातले तरी दार अर्धेच उघडले आहे. मग ते घर कोणाचेही असो, आपलेही.

निरोपाचाही अदब असतो. मेहमानाने मेजबानाच्या रजामंदीने निघावे, असे जुने लोक सांगत. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरली तेव्हा पीस कोअरने साठेक देशांतले आपले जवळजवळ सात हजार स्वयंसेवक एकदम परत बोलावले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. मोरोक्कोनेही १५ मार्चला आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली. गावोगावच्या स्वयंसेवकांना सामान बांधायलाही वेळ पुरला नाही. मोरोक्कन लोक 'समह लिया' म्हणतात, 'मला माफ कर'. आपल्याकडे हजला निघताना 'कहा-सुना माफ' म्हणतात, तसेच ते. ज्या घरात किती रोट्या खाल्ल्या याचा हिशेब कोणीच ठेवला नव्हता, त्या घराला हे दोन शब्द ज्यांना जमले त्यांनी फोनवर सांगितले आणि ते विमानात बसले.