शेजार कुणाचा, शाळा कुणाची

आपल्या बैठकांत एका प्रश्नावर हमखास भांडण होतं आणि चहा आला की ते अर्धवट सुटतं. प्रश्न असा. बौद्धवाड्याला लागून जिल्हा परिषदेची शाळा आहे. चौथीपर्यंत. दोन खोल्या, दोन मास्तर, त्यातला एक कायम मीटिंगला नाहीतर मतदारयादीच्या कामाला. आणि वाड्यातली एक आई आपल्या पोरीला त्या शाळेत न घालता तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावच्या शाळेत घालते. इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत नव्हे. तीही जिल्हा परिषदेचीच शाळा. सरकारी, फुकट, पोषण आहाराची खिचडी मिळणारी. फक्त आपल्या वस्तीबाहेरची.

तिने बरोबर केलं का?

आपल्यातला एक म्हणतो, ती पळाली, वस्तीची शाळा ओस पाडायला निघाली. दुसरा म्हणतो, बाबासाहेबांनी हेच सांगितलं, जिथं चांगलं शिक्षण आहे तिथं जा. दोघंही बाबासाहेबांचं नाव घेतात आणि दोन मिनिटांत मोकळे होतात. कर्जत-खालापूर पट्ट्यात दर जूनला हे प्रत्येक घरात घडतंय, तेव्हा जरा बसून बोलू.

आपण महाडचे लोक. म्हणजे याच जिल्ह्याचे. २० मार्च १९२७ आपल्या पोरासोरांनाही पाठ असतं. पण ते तळं ज्या ठरावावर उघडं व्हायला हवं होतं, तो सीताराम केशव बोले यांचा मुंबई कौन्सिलातला १९२३ चा ठराव, त्यात फक्त पाणवठे नव्हते. धर्मशाळा होत्या, कचेऱ्या होत्या, दवाखाने होते. आणि सार्वजनिक शाळा होत्या. तळ्याला आपण दरवर्षी वंदन करतो, शाळा विसरलो. त्या ठरावाचा गाभा साधा आहे. सरकारी पैशाने जे चालतं ते कुणा एका आळीचं नाही. तळं गावच्या मध्यभागी आहे म्हणून ते गावठाणाचं होत नाही. मग मोठ्या गावच्या देवळासमोरची शाळा तरी त्या गावठाणाची कशी? त्या पोरीने तिथं पाऊल ठेवलं तर ती कुणाच्या उपकारावर गेलेली नाही.

आता उलट बाजू बघा. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली. एका शेजारातली सगळी पोरं, मालकाची आणि गड्याची, एकाच शाळेत बसावीत. विचार चांगला. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शेजारावरच उभा आहे. महाराष्ट्राच्या नियमात पाचवीपर्यंत एक किलोमीटर, आठवीपर्यंत तीन किलोमीटर. पण शेजार म्हणजे काय, हे विचारलं कुणी? आपल्याकडं शेजार हा काही निसर्गाने घातलेला नाही. गावठाण वर, बौद्धवाडा ओढ्यापलीकडं, कातकरवाडी माळाच्या टोकाला, ठाकूरवाडी डोंगरात. हा नकाशा जातीने काढला. त्या नकाशावर कंपास ठेवून एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं की वर्तुळात जातच सापडते. प्रत्येक वाडीला शाळा मिळाली ही मोठी गोष्ट झाली, नाहीतर चार वर्षांचं-सहा वर्षांचं लेकरू पावसाळ्यात ओढा ओलांडून जाणार कसं? पण त्याचबरोबर वाडीची जात शाळेच्या पटावर उतरली. वेगळी शाळा काढा असा कुणी हुकूम दिला नाही, वेगळी झाली.

अमेरिकेत हा प्रश्न उलटा होता, म्हणून ऐकण्यासारखा आहे. टोपेका शहरात लिंडा ब्राऊन या काळ्या मुलीच्या घराजवळ गोऱ्यांची शाळा होती, आणि तिला लांबच्या काळ्यांच्या शाळेत जावं लागे. तिचा बाप जवळची शाळा मागायला कोर्टात गेला. १९५४ चा निकाल त्यातून आला. तिथं जवळची शाळा नाकारली होती, इथं जवळची शाळाच दिलीय आणि तीच कुंपण झालीय. बापाची मागणी दोन्हीकडं एक. माझं लेकरू कुठं बसेल हे त्याच्या कातडीवरून, आडनावावरून ठरू नये.

म्हणून मी त्या आईला पळपुटी म्हणणार नाही. एक तर सातव्या वर्षाच्या पोरीवर चळवळीचं ओझं टाकायचा अधिकार आपल्याला नाही. वस्तीची शाळा जगावी म्हणून तुझ्या लेकरानं चार वर्षं मास्तराविना बसावं, असं सांगणारा कार्यकर्ता स्वतःच्या पोराला कुठं घालतो हे आधी विचारा. बहुतेक वेळा त्याचं पोरगं पिवळ्या गाडीत असतं. दलित ब्राह्मण हा शब्द आपण दुसऱ्यांसाठी राखून ठेवलाय.

हॅना आरेंट नावाच्या विदुषीने १९५९ मध्ये लिटल रॉकच्या काळ्या मुलांबद्दल असंच लिहिलं होतं, की मोठ्यांनी सोडवायचा प्रश्न पोरांच्या अंगावर टाकलाय. त्यावर राल्फ एलिसन या काळ्या लेखकाने सांगितलं, बाई, या आईबापांना माहीत आहे की जगात हे पोरासमोर येणारच आहे, ते त्याला त्याची तयारी देताहेत. आरेंटने पुढं त्यांना पत्र लिहून ते मानलं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसलेला भिवा काही कुणाचा सत्याग्रही म्हणून तिथं गेला नव्हता. शिकायला गेला होता. तिथं जे सोसलं ते सोसलं. आई पोरीला लांबच्या शाळेत पाठवते ती शिकायला. तिथं काही वावगं झालं, पंगतीत वेगळं बसवलं, झाडूच्या कामाला नेमकं हिलाच उठवलं, तर लढायचं आपण, मोठ्यांनी. पोरीनं पाढे म्हणायचे.

इथपर्यंत सोपं आहे. पुढं अवघड.

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने दिला नाही. कारण काय दिलं? या एकाला घेतलं तर बाकीच्या थोरल्या समाजाला ती शाळा निरुपयोगी होईल. म्हणजे बाकीचे निघून जातील. पुढं १९३५ मध्ये गुजरातेत कविठा गावी आपल्या लोकांनी पोरं शाळेत घातली, तर सवर्णांनी आपली पोरं काढून घेतली, मग मारहाण, मग बहिष्कार. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर काळ्यांसोबत बसायला नको म्हणून १९५९ पासून १९६४ पर्यंत सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. शाळेतून पोरं काढून घेणं हे जातीचं जुनं हत्यार आहे. लाठी लागत नाही, शिवी लागत नाही. नुसता दाखला मागायचा.

आता आपल्याकडं या. बौद्धवाड्याच्या शाळेत हल्ली कातकरवाडीची पोरं येतात. आणि मी आपल्याच माणसांच्या तोंडून हे वाक्य ऐकलंय, एकदा नाही, पुष्कळदा. "तिथं आता सगळी कातकऱ्यांची पोरं झाली, आमचं पोरगं काय शिकणार?" बोलणाऱ्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो असतो. त्याला कळत नाही की हे वाक्य त्याचं नाही. धारवाडच्या कारकुनाचं आहे. गावठाणातल्या पाटलाने आपल्या आजाबद्दल वापरलेलं आहे. आपण ते न धुता अंगात घातलंय.

म्हणून माझ्या मते प्रश्न शाळा सोडण्याचा नाहीच. कुणाला सोडून चाललात याचा आहे. मास्तर नाही म्हणून सोडली, ठीक. पाचवीचा वर्ग नाही म्हणून सोडली, ठीक, तसा हक्कच आहे. कायद्याचं कलम ५ सांगतं, कोणत्याही कारणाने दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागता येते, मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे कलम वाड्यात मोठ्यानं वाचून दाखवा, दाखल्यासाठी लोक आठ-आठ दिवस हेलपाटे घालतात. पण शेजारी बसणारं लेकरू नको म्हणून सोडली, तर तुम्ही शाळा बदलली नाही. बाजू बदलली. कायद्याला दोन्ही दाखले सारखेच दिसतात. माणसाला ओळखू येतात.

कुणी म्हणेल, मनातलं कारण कसं ओळखणार? एक खूण सांगतो. जो मास्तरासाठी गेला तो जाताना मास्तर मागतो. पंचायत समितीत अर्ज टाकून जातो, मागं राहिलेल्यांसाठी. दुसरा गुपचूप जातो.

गेल्यावर मागं काय होतं तेही बघायला पाहिजे. पट वीसच्या खाली आला की शाळेच्या अस्तित्वावरच येतं. २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करायचा विषय काढला, अशा शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात निघाल्या. गाडी देऊ, मोठी इमारत देऊ म्हणतात. ज्याला निवड करायची त्याने लांब जावं हे वेगळं, आणि सगळ्यांनाच लांब ढकललं हे वेगळं. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एस.टी.चा फुकट पास आहे, पण पाचवीपासून. पहिलीतली पोर ठाकूरवाडीतून उतरून रोज कशी येणार? आणि डोंगरातली वाडी म्हणजे काय हे खालापूरवाल्यांना सांगायला नको, १९ जुलै २०२३ ची इर्शाळवाडीची रात्र आपण पाहिलीय. तिथं वर गाडीरस्ता नव्हता.

ज्याच्यापाशी रिक्षाचे पैसे आहेत, बोलायला तोंड आहे, तोच आधी जातो. त्याच्याबरोबर तोंड जातं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा. पोरगं गेलं की वस्तीच्या समितीतली त्याची खुर्ची गेली. ही खरी हानी, पटावरच्या एका आकड्यापेक्षा मोठी. पण तीच गोष्ट दुसऱ्या टोकाला उघडते. मोठ्या गावच्या शाळेत आपली पाच पोरं गेली की तिथल्या समितीत आपला माणूस बसू शकतो. आजवर तिथं गावठाणाचीच माणसं बसत आली, सरपंचाचा भाऊ नाहीतर दूधवाला. आपण पोरगं घालतो आणि समितीची सभा कधी असते हेही विचारत नाही. फी नाही, म्हणून पाहुण्यासारखे राहतो. पाहुणेपण सोडा. बोल्यांच्या ठरावाला शंभर वर्षं झाली.

आणि वस्तीच्या शाळेचं? पोरगं तिथं नाही म्हणून नातं तुटतं, हे मला मान्य नाही. सार्वजनिक म्हणजे ज्याचं पोर नाही त्याचंही. समितीत शिक्षणतज्ज्ञ म्हणून बाहेरचा माणूस घ्यायची सोय आहे. तिथं आपल्यातला डी.एड. झालेला, बेकार बसलेला पोरगा का नको? १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांवर किती कळवळून बोलले ते आपण जयंतीला ऐकवतो. ते नोकरदारांना होतं असं समजून आपण सुटतो. चौथीच्या पोराचा बापही तेव्हाच शिकलेल्यांत मोडतो, जेव्हा त्याला कोणती शाळा बरी हे कळतं.

शेवटी कातकऱ्याच्याच पोराकडं येतो, कारण या सगळ्या चर्चेत त्याला कुणी विचारलं नाही. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात. पोरगं बरोबर. तेही वस्तीबाहेरच्या शाळेत जातं, गेलंच तर. भट्टीजवळच्या कुठल्यातरी गावी, जिथं मास्तर त्याला ओळखत नाही आणि पोरं जवळ घेत नाहीत. त्याच्यासाठी शिक्षण हमी पत्रक असतं. निघताना मूळ शाळेने भरून द्यायचं, नव्या शाळेने ते बघून बसवून घ्यायचं. ते पत्रक किती आयांच्या हातात पडतं? दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा हा त्याचा मोका. भट्टीचा मुकादम गाडी घेऊन आला की मग उपयोग नाही. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांतल्या शाखांनी आपापल्या वाड्या वाटून घ्याव्यात, मास्तरांकडून पत्रकं भरून घ्यावीत, आणि ज्यांनी आपली पोरं लांबच्या शाळेत घातली आहेत त्यांना मुद्दाम बरोबर न्यावं.