अर्ज भरावा की भरू नये?

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मला आवारातल्या कडुनिंबाखाली घेऊन गेले. ते एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक आहेत. त्यांच्या कर्मचारी संघटनेची निवडणूक जवळ आली आहे आणि सहकारी त्यांना अध्यक्षपदासाठी उभे राहा म्हणून मागे लागले आहेत. ‘नाही म्हणून टाका,’ असे मी सहज म्हणालो. त्यावर ते थोडे थांबले आणि हळूच म्हणाले, ‘पण सर, खरं सांगू? मनातून वाटते बी.’ पदाची इच्छा होणे हे पाप आहे का, हा त्यांचा खरा प्रश्न होता. त्यांच्या परवानगीने, नाव न सांगता, तो येथे मांडत आहे, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही.

आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे की भला माणूस पदापासून दूर राहतो आणि जो उभा राहतो त्याचा काहीतरी स्वार्थ असतो. धर्मग्राम समितीची नावे मागवली तरी सगळे जण चपला शोधू लागतात! मग जो कोणी पुढे येतो त्याच्याविषयी दारात उभे राहून बोलायला मात्र आपण सगळे मोकळे.

शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामाने सांगितलेली झाडांची गोष्ट आहे. झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली. जैतून म्हणाले, मी माझे तेल सोडून तुमच्यावर डुलायला येऊ का? अंजिराने गोड फळांचे कारण सांगितले, द्राक्षवेलीने रसाचे. शेवटी काटेरी झुडूप तयार झाले, आणि पहिल्याच बोलण्यात त्याने आगीची धमकी दिली. प्रवचनांत ही गोष्ट बहुधा काटेरी झुडपाविरुद्ध सांगितली जाते, आणि योथामाचा रोख तिकडेच होता. मला मात्र वय वाढले तसे जैतुनाचेच वागणे जास्त टोचू लागले. त्याची कारणे किती चांगली आहेत! तेल काही वाईट गोष्ट नव्हे. चांगला शिक्षकही असेच म्हणतो: माझे वर्ग आहेत, माझी मुले आहेत, मला या भानगडीत ओढू नका. राज्य कोणाला मिळाले, याचा जाब जैतुनाला कोणी विचारत नाही.

मी स्वतः एकदा जैतून झालो होतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी शिक्षक संघटनेच्या स्थानिक शाखेसाठी मित्रांनी माझे नाव सुचवले. मुलीची दहावी, गायनवृंदाचा सराव, उत्तरपत्रिका तपासणे, अशी सगळी खरी कारणे देऊन मी नाव मागे घेतले. पुढच्या जूनमध्ये ग्रंथालयातल्या एका हंगामी परिचराला कामावर येऊ नको म्हणून सांगण्यात आले. सात वर्षे मधे मधे खंड देऊन त्याला राबवले होते. जे गृहस्थ निवडून आले होते त्यांची स्वतःची पदोन्नती अडकलेली होती. ते एक शब्द बोलले नाहीत. मी त्या परिचराच्या घरी गेलो, सांत्वन केले, थोडे पैसे दिले. तो आता भाजीचा ठेला लावतो आणि मला पाहिले की अजूनही ‘सर’ म्हणून हाक मारतो. त्या हाकेने मला काय होते ते मी कन्फेशनमध्ये सांगितले आहे, इथे नको.

संत ग्रेगरी द ग्रेट इ. स. ५९० मध्ये पोप झाले. हे पद टाळावे म्हणून ते लपू पाहत होते, यावरून एका बिशपांनी त्यांना दोष दिला. त्याच्या उत्तरादाखल त्यांनी पाळकांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात ते दोन संदेष्टे शेजारी शेजारी उभे करतात. यशया स्वतःहून म्हणतो, मला पाठवा. यिर्मया म्हणतो, मी लहान आहे, मला बोलता येत नाही. ग्रेगरी यांच्या मते दोघांच्याही उत्तराचा उगम प्रेमातच होता: एकाला शेजाऱ्यांच्या उपयोगी पडायचे होते, दुसऱ्याला देवाच्या सहवासात राहायचे होते. पण ते आणखी एक गोष्ट दाखवतात. यशयाचे ओठ आधी निखाऱ्याने शुद्ध झाले, मग तो पुढे आला. आणि यिर्मया अखेरपर्यंत अडून बसला नाही. म्हणजे ‘वाटते बी’ यात गुन्हा नाही. काय वाटते, हे तपासायचे. खुर्ची दिसते की त्या खुर्चीसमोर उभा असलेला माणूस दिसतो? खरे तर दोन्ही दिसतात. निखळ हेतूची वाट पाहत बसलो तर कोणीच कधी अर्ज भरणार नाही.

याकोब आणि योहान यांनी प्रभूकडे उजवीकडची व डावीकडची जागा मागितली, तेव्हा उरलेले दहा रागावले. मला नेहमी वाटते, ते का बरे रागावले? त्यांनाही तेच हवे असावे. प्रभूने त्या दोघांना मोठे होण्याची इच्छाच सोडा, असे म्हटले नाही. मोठे होण्याचा रस्ता सेवेतून जातो, एवढे सांगितले.

आज आपण रविवारी सुटी घेऊन मिस्साला येतो, तीही कोणीतरी पुढे झाला म्हणून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. लोखंडे सत्यशोधक होते, आपल्या धर्माचे नव्हते. पण आपला रविवार त्यांचा ऋणी आहे. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे असे स्पष्ट सांगितले. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’मध्ये तोच हक्क मान्य केला, आणि संघटना म्हणजे एका गटाचा स्वार्थ होऊ नये, असा इशाराही दिला.

आपल्या विदर्भात हे काम कसे चालते ते पाहायचे तर नागपूर विद्यापीठ शिक्षकांची ‘नुटा’ ही संघटना डोळ्यांसमोर येते. तिचे दीर्घकाळ नेतृत्व करणारे प्रा. बी. टी. देशमुख विधान परिषदेत गेले आणि विदर्भाच्या अनुशेषाचा प्रश्न लावून धरत राहिले. ‘नुटा बुलेटिन’ ज्यांनी चाळले असेल त्यांना आठवेल: शासन निर्णय, न्यायालयाचे निकाल, सभांची कार्यवृत्ते, पानेच्या पाने. वाचायला कंटाळवाणे. पण मला वाटते, संघटनेच्या नेत्याचा सद्गुण असाच कंटाळवाणा असतो. भाषण कोणीही ठोकतो. नियम वाचणारा विरळा.

आता अवघड भाग. २०१३ मध्ये राज्यातील प्राध्यापकांनी फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, नेट-सेट नसलेल्या शिक्षकांचा प्रश्न, मागण्या खऱ्या होत्या. सरकारने वर्षानुवर्षे टोलवाटोलवी केली हेही खरे. पण मधे कोण अडकले? निकालाची वाट पाहणारी मुले, ज्यांचा त्या थकबाकीशी काही संबंध नव्हता. अखेर उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. मी बहिष्काराच्या बाजूचा होतो आणि आजही ती मागणी चूक होती असे म्हणणार नाही. तरी गिरणीचा संप आणि परीक्षेचा संप यांत फरक आहे. गिरणीत नुकसान प्रथम मालकाचे होते; परीक्षेत मंत्र्याचे काहीच होत नाही. अध्यक्ष म्हणून उभे राहणाऱ्याने एखाद्या दिवशी हा निर्णय आपल्या सहीने घ्यावा लागेल, आणि एखादी विद्यार्थिनी दारात येऊन ‘माझा निकाल?’ असे विचारील, हे धरून चालावे. तेव्हा ‘संघटनेचा ठराव आहे’ हे उत्तर खरे असेल, पण पुरे पडणार नाही.

आणि एक नालवाडीची गोष्ट. विनोबा १९३२ च्या अखेरीस आपल्या या गावात राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला गेले. इथे असताना त्यांनी एक प्रयोग केला होता: सूत कातून जेवढी मजुरी पडते तेवढ्यातच स्वतःचा निर्वाह करून पाहायचा. सूत कातणाऱ्या बाईला काय मिळते, हे त्यांना आकड्यांतून नको होते, ताटात पाहायचे होते. विनोबा पदे टाळणारे म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे ‘अर्ज भरू नका’ म्हणणारे त्यांचा दाखला देतात. मला त्यांच्या या प्रयोगातून वेगळेच सुचते. आज महाविद्यालयांत कायम नोकरीवाल्यांच्या शेजारी तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि कंत्राटी सफाई कामगार काम करतात. त्यांच्या वतीने बोलणी करायला बसणाऱ्याला महिनाअखेरीस त्यांच्या ताटात काय असते हे ठाऊक असते का?

हे सगळे मी त्या गृहस्थांना एका दमात सांगितले नाही. दोन-तीन रविवार लागले. मागच्या रविवारी त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. निवडणुकीच्या पत्रकाचा मसुदा होता. अकरा मुद्दे: आश्वासित प्रगती योजना, फरकाची रक्कम, जुनी पेन्शन, वैद्यकीय बिले, सगळे नेटके लिहिलेले. मी दोनदा वाचला आणि विचारले, ‘कंत्राटी लोकांचे यात काहीच नाही?’

ते म्हणाले, ‘त्यांना मतच नाही, सर.’

मी म्हणालो, ‘ठाऊक आहे.’

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली, मग उघडली, आणि माझ्याकडे पेन मागितले. अर्जाची शेवटची तारीख येत्या गुरुवारी आहे.