पिल्लांना जाऊ द्या



पेत्राने रात्रभर कष्ट केले, तरी जाळे रिकामेच राहिले. संत लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय ५) हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. आज सातपाटी, वसई, उत्तन येथील कोळी बांधवही कितीदा रिकाम्या हातांनी परततात. त्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबेही आहेत.

अरबी समुद्राचे पाणी तापत आहे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आले, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’. वादळाचा इशारा आला की होडी किनाऱ्याला बांधावी लागते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी बारीक आसाचे जाळे टाकून मिळेल ते ओढण्याचा मोह होतो. मोठे ट्रॉलर तर पिल्लेही खरवडून नेतात. ज्या माशाने एकदाही अंडी घातली नाहीत, तो गेला की पुढच्या वर्षीचे जाळे आजच रिकामे होते.

अनुवाद ग्रंथाच्या २२व्या अध्यायात देव सांगतो की घरटे सापडले तर पिल्ले घ्या, पण आईला सोडून द्या. तेथे आईला सोडायचे, समुद्रात पिल्लांना. मर्म एकच: घ्या, पण वंश तोडू नका. १ जूनपासून पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तो जणू समुद्राचा शब्बाथच. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली.

आपण म्हणाल, फादर, सोलापुरात समुद्र कुठे? समुद्र नाही, पण बाजार आहे. उपवासकाळातील शुक्रवारी तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळाले म्हणून आम्हीही आनंदाने आणले आहे. मांस सोडले, पण हाव सोडली नाही. तो कसला उपवास?

मांदेली, जवळा मुळातच लहान. गरिबाच्या ताटातला तो घास कोणी काढून घेऊ नये. परंतु पापलेट, सुरमईची पिल्ले आपण घेऊ नयेत. आपल्या उजनीतील कोवळ्या मासळीलाही हाच नियम लावू या. घेणारा थांबला, तर पकडणाऱ्यालाही थांबणे सोपे जाते.

हे प्रभो, आमच्या कोळी बांधवांची जाळी भर आणि आमची हाव आवर. आमेन.

आपले धर्मगुरू