गुन्ह्यांच्या मालिका आणि आपले डोळे



संध्याकाळची रोजरी आटोपली की आपल्या बऱ्याच घरांत टी.व्ही. सुरू होतो. धर्मगुरू घरभेटीला आले की तो घाईघाईने बंद होतो आणि मग चहा घेता घेता कोणीतरी विचारतेच, "फादर, त्या खुनाच्या नि बलात्काराच्या मालिका बघणे पाप आहे का हो?"

प्रश्न जुनाच आहे. 'सीआयडी' १९९८ साली सुरू झाली, वीस वर्षे चालून २०१८ मध्ये थांबली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा आली. तिच्यासोबत मोठी झालेली मुले आज स्वतः आईबाप आहेत. ती मालिका बरीचशी निरुपद्रवी. दया दरवाजा तोडणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते आणि गंमत त्यातच असते. विचार करायला लावते ती २००३ साली सुरू झालेल्या 'क्राईम पेट्रोल'ची पद्धत. खरोखर घडलेला गुन्हा घ्यायचा, नावे-गावे बदलायची आणि नटांकडून तो पुन्हा घडवून दाखवायचा.

विषय भयंकर म्हणून मालिका वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर पवित्र शास्त्राची कितीतरी पाने चिकटवून टाकावी लागतील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ सालच्या प्रसारमाध्यमांविषयीच्या आदेशपत्रात मान्य केले आहे की, नैतिक मर्यादा पाळून केलेले वाईटाचे चित्रण माणसाची अधिक खोल ओळख करून देऊ शकते. शिवाय ह्या मालिकांचे एक ऋण कबूल केले पाहिजे. लहान मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतला, कधी घरातलाच असतो, ही गोष्ट आपल्याकडे आई मुलीशीही बोलत नव्हती. ती निदान बैठकीच्या खोलीत उच्चारली गेली. असे विषय झाकून ठेवल्याने काय होते हे जगाने पाहिले आहे, ख्रिस्तसभेबाहेर आणि आतही.

मग अडते कुठे? कायद्याकडे पाहू. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम २२८-अ खाली गुन्हा होता. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ तेच सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले की नाव तर नाहीच, पण जिच्यावरून ती ओळखू येईल अशी आडून दिलेली माहितीही नको. नाव बदलले की कायद्यापुरते भागतही असेल. पण नाव बदलले म्हणून आईला स्वतःची मुलगी परकी होत नाही. तिच्या आयुष्यातली सर्वांत वाईट घटका पार्श्वसंगीतासह पडद्यावर येते. कॅमेरा दाराच्या फटीतून आत डोकावतो, खिडकीबाहेरून तिच्यावर नजर ठेवतो. तो कोणाच्या डोळ्यांनी पाहत असतो? बहुधा त्याच्याच, जो बाहेर टपून बसला आहे. म्हणजे तेवढ्या वेळापुरते आपल्यालाही त्या माणसाच्या जागी बसवलेले असते. आणि तिने कडी लावायला हात पुढे केला की नेमकी जाहिरात येते! माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट हा तत्त्वज्ञ सांगून गेला. इथे एका मुलीची भीती साबण विकण्याचे साधन होते.

आपल्यावर ह्याचा काही परिणाम होत नाही, आपण फक्त बघतो, असे पुष्कळजण म्हणतात. संत ऑगस्टीनचा मित्र अलिपियस हेच म्हणत होता. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढतच तलवारबाजांच्या जीवघेण्या खेळाला नेले. शरीर नेलेत तरी मन नेता येणार नाही, असे म्हणून तो डोळे मिटून बसला. मग लोकांची एकच आरोळी उठली. त्याने डोळे उघडले आणि रक्त पाहताच त्याची नजर तिथून हटेना. पुढे तो स्वतःच इतरांना घेऊन तिथे जाऊ लागला. ऑगस्टीनने हे आपल्या 'कन्फेशन्स'च्या सहाव्या भागात लिहिले आहे. त्याच्या मित्राला आत नेले ते डोळ्यांनी नव्हे, आधी कानांनी. पाठ करून अभ्यासाला बसलेल्या आपल्या मुलांच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवलेले बरे.

दाखवल्याशिवाय लोकांना कळणार कसे, असे कोणी विचारील. दिल्लीच्या २०१२ सालच्या घटनेवरील 'दिल्ली क्राईम' ही मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि पुढच्या वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. तिच्यात तो अत्याचार दाखवलेलाच नाही. पोलिसांचे चेहरे, रुग्णालय आणि बाहेर थांबलेले आईवडील एवढ्यावरून सगळे कळते. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण डोळ्यांना चटक लागत नाही.

ह्याहून जुने उदाहरण शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. दावीद राजाची मुलगी तामार. आजारी असल्याचे सोंग करून सावत्र भाऊ अम्नोन तिला खोलीत बोलावतो. ती त्याला विनवते, समजावते, आणि तिचे हे बोलणे लेखकाने सविस्तर लिहिले आहे. प्रत्यक्ष अत्याचाराला मात्र एकच ओवी. त्यानंतर पुन्हा तामार: डोक्यावर राख, फाडलेला राजकन्येचा झगा, डोक्यावर हात आणि रस्त्याने चाललेला मोठा आक्रोश. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. बाप संतापतो, पण करत काहीच नाही.

आपल्या मालिका आरोपीला बेड्या पडल्या की संपतात. तामार मात्र भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिली, हेही शास्त्राने लिहून ठेवले आहे. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाचा सूड घेतला आणि कथा पुरुषांच्या लढायांकडे वळली. पुढच्या अध्यायात अबशालोमाच्या मुलाबाळांची नोंद आहे. तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलग्यांची नावे तिथे दिलेली नाहीत. मुलीचे दिले आहे. तिचे नाव त्याने तामार ठेवले होते.