भेळ पाण्यात घातलीस

उभी राहा. ती वाटी घे आणि सगळ्यांसमोर एक घास खा. आला काही आवाज? चायनीज भेळेचा घास शेजारच्याला ऐकू जायला हवा. हा तर लाल लगदा आहे. आणि वर तोंड करून सांगतेस, "बाई, सॉसच बरोबर नव्हता." सॉसला बोल लावू नकोस. बिचारा बाटलीत होता तसा तू ओतलास, तोही अर्धी बाटली. चूक त्याच्या आधीची आहे.

कोबी चिरलास सकाळी, धुतलास चिरल्यावर, निथळायला ठेवलाच नाहीस. त्यावर मीठ, सोया सॉस, शेजवान, तळलेल्या नूडल्स, सगळं एकदम कालवून झाकण घातलंस आणि पाहुण्यांची वाट बघत तासभर बसलीस. परीक्षेत परासरण आकृतीसकट लिहून आलीस ना? मीठ लागलं की कोबी पाणी सोडतो, हे फक्त उत्तरपत्रिकेपुरतं? सोया सॉसही खारटच, म्हणजे पाणी दोन्हीकडून सुटलं. आणि झाकण कशाला? वाफ धरायला? धामनोदच्या मे महिन्यात!

तुझी आजी खमंग काकडी करताना काय करते, ते एकदा तरी बघितलंस का? काकडी चोचवायची, मीठ लावायचं, पिळायचं, मग बाकीचं. चीनमध्येही काकडी ठेचून, मीठ लावून, सुटलेलं पाणी ओतून देतात आणि मग लसूण, व्हिनेगर, मिरचीचं तेल घालतात. दोन्हीकडच्या बायकांना कळतं, तुलाच तेवढं कळत नाही. कोबी केसासारखा बारीक चीर. पाव किलोला अर्धा चमचा मीठ चोळ, पंधरा मिनिटं ठेव आणि फडक्यात घालून घट्ट पीळ. मग सॉसमध्ये मीठ बेतानं. सिमला मिरची आणि गाजर कोरडं, पातीचा कांदा अगदी शेवटी.

नूडल्सचं तर बोलायलाच नको. त्या पूर्ण शिजवायच्या नसतात. मधे थोडा कणा राहिला की गॅसवरून उतरवायच्या, गार पाण्यानं धुवायच्या, चमचाभर तेल लावून कापडावर पसरायच्या. पंख्याखाली अर्धा तास, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. वर कॉर्नफ्लोअर भुरभुरवायचं आणि कडकडीत तेलात मूठ मूठ तळायचं. तू सगळ्या एकदम सोडल्यास. कढई निवली, नूडल्स तेल प्यायल्या. घाई झाली होती म्हणे! कसली घाई? टीव्ही तर चालू होता.

"चायनीज आहे बाई, आपल्याला कसं जमणार?" हे परत ऐकू आलं तर वर्गाबाहेर उभी करीन. आपल्याकडे घरोघरी ज्याला चायनीज म्हणतात, त्यातलं मंचुरियन १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग यांनी केलं. आपलंच आलं, लसूण आणि हिरवी मिरची घेतली, पण गरम मसाला टाळला आणि सोया सॉस घातला. ही भेळही मुंबईच्या गाड्यांवरचीच. आग्रा-मुंबई रस्ता तुझ्या गावातून जातो आणि तू मुंबईच्या पदार्थाला परका म्हणतेस?

तिखटासाठी बाटली आणायची तर मुळीच गरज नव्हती. निमाडात राहतेस. बेडियाच्या मंडीत मिरचीचे ढीग पडतात आणि तू दुकानातला लाल रंग विकत आणतेस! दहा-बारा सुक्या मिरच्यांच्या बिया काढ, गरम पाण्यात अर्धा तास भिजव, वाट. रंग हवा तर त्यात निम्मी ब्याडगी. भरपूर लसूण आणि आलं बारीक चिरून तेलात परत, त्यात वाटण घालून तेल सुटेपर्यंत हलव. मग व्हिनेगर, चिमूटभर साखर, मीठ. पाणी घालायचं नाही. सॉस गार झाल्याशिवाय नूडल्सच्या जवळ न्यायचा नाही.

आणि वरून ती शेव कोणी टाकायला सांगितली होती? माळव्यात शेव कशावरही पडते, ठीक आहे, पण नूडल्स कुरकुरीत असत्या तर तुला शेव आठवलीच नसती. झाकायला टाकलीस, मला कळतं.

वाटी ठेव खाली. दुसरा गड्डा घे, आधी धू, मग चीर. पाहुणे ताटावर बसल्याशिवाय काहीही एकत्र करायचं नाही. सुरी धुवून घे, लसणाचा वास येतोय.