दहा मिनिटांचा श्वास

आज पहाटे ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ पूर्ण केला. 1990 सालचा, लुकासफिल्म गेम्सचा. पडद्यावरच्या वस्तूवर माउस न्यायचा, खाली मांडलेल्या क्रियापदांतून एक निवडायचं, उघड, ढकल, ओढ, उचल, बोल, आणि काय होतं ते बघायचं. घाई कसलीच नाही. गायब्रश थ्रीपवूड नावाचा पोरसवदा तरुण एका बेटावर उतरतो आणि म्हणतो, मला समुद्री चाचा व्हायचंय. एवढ्यावर गोष्ट चालू लागते. शाळेत असताना सुट्टीत काकांकडे मी हा गेम सुरू केला होता. सुट्टी संपली, मेहकरची एसटी धरली, आणि गायब्रश त्या बेटावरच राहिला. मध्ये इतकी वर्षं गेली.

या गेममधल्या एका जागेवर माझा फार जीव आहे. गव्हर्नरच्या वाड्यातून गायब्रश एक मूर्ती चोरतो आणि पकडला जातो. शेरिफ त्याला त्याच मूर्तीला बांधतो आणि समुद्रात लोटून देतो. तळाशी सगळीकडे सुऱ्या, तलवारी, धारदार वस्तू पडलेल्या. प्रत्येक वस्तू हातभर लांब. दोरी तिथवर पुरत नाही. श्वास दहा मिनिटं रोखता येतो असं गायब्रशनं आधीच बढाईनं सांगितलेलं असतं, आणि गेम ती दहा मिनिटं खरोखर मोजतो.

मी तिथेच गेम सेव्ह करून संगणक बंद केला आणि त्याचा श्वास तसाच थांबवून ठेवला. मग ते कोडं माझ्यासोबत गावभर फिरायला लागलं. एका सकाळी गावातल्या शारंगधर बालाजीच्या दर्शनाला गेलो, तर 1888 साली खोदकामात वर आलेली ती भव्य काळी मूर्ती समोर आणि डोक्यात पाण्याखालची दुसरीच. कोणती सुरी जवळची? दोरी कशानं कापायची? सारा विचार कापण्याचाच. परतताना वाटेत एक शेळी दिसली. खुंटा उपटून निघालेली, गळ्यात दावं तसंच, दाव्याच्या टोकाला खुंटा, आणि ती तो फरफटत कडुनिंबाच्या खाली पडलेला पाला खात चाललेली. तिनं दावं तोडलं नव्हतं. खुंटाच सोबत घेतला होता.

घरी येऊन ‘उचल’वर क्लिक केलं, मग मूर्तीवर. गायब्रशनं मूर्ती उचलली आणि शिडी चढून वर आला.

हे उत्तर मला कुणी आयतं सांगितलं असतं तर मी नुसती मान डोलावली असती. आठवडाभर मनातल्या मनात सुऱ्यांकडे बघत राहिलो, म्हणून त्या क्लिकला मी खुर्चीतून उठलो. आणि तेवढा वेळ मला मिळावा म्हणून कुणीतरी आधी विचार करून ठेवला होता. त्या काळी असे गेम खेळणाऱ्याला पावलोपावली मारत. मारत नसले तर मुकाट अडकवून ठेवत. ‘किंग्ज क्वेस्ट 5’मध्ये मांजरीच्या तावडीतून एका उंदराला सोडवलं नाही, तर पुढे बांधून घातल्यावर दोर कुरतडायला कुणीच येत नाही, आणि चूक कुठे झाली हे गेम सांगतही नाही. ‘मंकी आयलंड’चा कर्ता रॉन गिल्बर्ट यानं 1989 मध्येच एक लेख लिहून या रीतीला विरोध केला होता. आपल्या गेममध्ये त्यानं ते पाळून दाखवलं. इथे मरण येऊ शकतं ते जवळपास फक्त त्या दहा मिनिटांत, तेही तुम्ही काहीच केलं नाही तर. खेळणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारा माणूस मला मोठा वाटतो.

तलवारबाजीचंही तसंच. जुन्या सिनेमांतले वीर लढता लढता एकमेकांना टोमणे मारत, ते बघून इथली झुंज जिभेची केलेली. समोरच्यानं अपमान करायचा, तुम्ही चोख उत्तर द्यायचं. उत्तर येत नसेल तर हरायचं, पण त्याचा टोमणा तुमच्या गाठीला लागतो. तोच पुढच्याला मारायचा आणि उत्तर कोणतं येतं ते ऐकायचं. शेवटी तलवारीची मास्टर कार्ला समोर येते. तिचे टोमणे सगळे नवे, तुमची उत्तरं मात्र जुनीच, आणि तीच नव्या जागी फिट बसवायची. कलगी-तुऱ्याच्या फडात भेदिक गाणाऱ्या शाहिरांना ही झुंज लगेच कळली असती. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातच सोडवायचं.

इतका जुना गेम माझ्या आजच्या लॅपटॉपवर चालला तो ‘स्कमव्हीएम’मुळे. 2001 साली लुडविग स्ट्रिगियस आणि विन्सेंट हॅम यांनी ते सुरू केलं. मूळ गेमच्या फाइल्स तशाच ठेवून त्या चालवणारं इंजिन नव्यानं लिहायचं, म्हणजे यंत्र बदललं तरी गोष्ट बंद पडत नाही. जगभरचे स्वयंसेवक आजही त्यावर काम करतात आणि ते फुकट वाटतात. जुनी पोथी नकलून ठेवणाऱ्यांबद्दल वाटतो तोच आदर मला त्यांच्याबद्दल वाटतो.

शेवट काय होतो ते इथे लिहीत नाही. तो ज्यानं त्यानं गाठावा. दुसरा भाग 1991 चा आहे आणि पहिल्याहून बराच अवघड आहे म्हणतात. तो विकत घेऊन ठेवलाय. त्याची उत्तरं पायरीपायरीनं लिहिलेली इंटरनेटवर सहज सापडतात, पण ती मी उघडणार नाही. एखाद्या कोड्यापाशी अख्खा पावसाळा गेला तरी जाऊ दे.