ओढवून घेतलेली वेदना

वेदना दोन प्रकारची असते, असे आपण न बोलता मानून चालतो: एक वाट्याला आलेली, दुसरी ओढवून घेतलेली. पहिलीपुढे आपले मन नमते. दुसरीकडे ते हिशेब मागते. अपघातात हात मोडलेल्या माणसाच्या उशाशी बसून आपण त्याला मोसंबी सोलून देतो. परंतु एखाद्या स्त्रीने दंडाची लोंबती कातडी काढून टाकण्यासाठी स्वतःहून शस्त्रक्रिया करून घेतली आणि तिचा हात सुजून ठणकू लागला, की ‘कोणी सांगितले होते?’ असा प्रश्न घरातल्या घरात उमटतो. या प्रश्नामागची नीती तपासून पाहण्यासारखी आहे.

वजन पुष्कळ घटले, मग ते आहाराने घटो वा जठराच्या शस्त्रक्रियेने, तरी वर्षानुवर्षे ताणलेली कातडी पूर्ववत आक्रसत नाही. दंडाच्या आतल्या बाजूस तिची घडी लोंबते, तीत घाम साचतो, चट्टे उठतात, ब्लाउजची बाही बसत नाही. शल्यविशारद ही जादा कातडी काढतो आणि तिच्या बदल्यात बहुधा काखेपासून कोपराच्या दिशेने जाणारा कायमचा व्रण देतो. हा एक सौदा आहे. त्यात काही गैर नाही. मात्र तो आधी स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे.

सौद्यातील जो भाग बहुधा घाईत उरकला जातो, तो सुजेचा. पहिले काही दिवस सूज वाढत जाते, आणि जो हात सडपातळ व्हावा म्हणून एवढा खटाटोप केला, तो पूर्वीपेक्षाही जाड दिसू लागतो. दंडाच्या आतल्या बाजूने लसिकावाहिन्या काखेतील गाठींकडे जातात आणि छेद नेमका त्यांच्याच प्रदेशात पडतो. द्रव परत वाहून नेण्याचे त्यांचे काम मंदावते, मग तो मनगटाकडे, बोटांकडे उतरतो. म्हणूनच बांगड्या आणि अंगठ्या आधीच काढून ठेवायला सांगतात. लग्नाची अंगठीही त्याला अपवाद नाही. रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकात लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे नोंदवून ठेवली. सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्था सांगितल्या असून, कच्च्या सुजेवर शस्त्र चालवणारा आणि पक्व झालेलीची उपेक्षा करणारा, अशा दोन्ही वैद्यांची कठोर निर्भर्त्सना केली आहे. ती सूज गळवाची, हे खरे; परंतु काळ ओळखण्याचा धर्म येथेही तोच आहे.

येथे करावयाचे उपचार साधे आणि कंटाळवाणे आहेत. हात उशांवर, हृदयाच्या पातळीहून उंच ठेवायचा. मूठ हलकेच उघडायची, मिटायची. घरातल्या घरात चालायचे. शल्यविशारद सांगेल तितके आठवडे दाब देणारी लवचिक बाही घालायची. मीठ बेताने खायचे. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर ती शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधीपासून सोडायची, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेचे पोषण खुंटते. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, उरलेली काही महिने रेंगाळते. व्रण फिकट होण्यास वर्ष, दीड वर्षही लागते. मात्र एकाच हाताची सूज एकाएकी वाढली, लाली पसरू लागली, ताप आला किंवा धाप लागली, तर तेथे धीर धरणे हा गुण नव्हे. तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

आणखी एक पथ्य आहे, आणि नैतिक प्रश्न तेथेच उभा राहतो. सुमारे चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही, आणि सुरुवातीचे काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या दिवसातून पाण्याची बादली, भरलेला कुकर, फळीवरचा डबा आणि दोरीवरचे कपडे वजा केले, तर काय उरते? म्हणजे तिचे बरे होणे हे तिच्या एकटीच्या शरीराचे काम नाही. ते दुसऱ्यांच्या हातांवर अवलंबून आहे. ‘कोणी सांगितले होते?’ हे ऐकलेली स्त्री मदत मागत नाही. ती गुपचूप बादली उचलते आणि टाके उसवतात. जो प्रश्न केवळ एक मत म्हणून विचारला गेला, तो असा जखमेत उतरतो.

यावर कोणी म्हणेल, बाळंतिणीचीही वेदना पत्करलेलीच असते, पण तिच्यातून एक जीव जन्माला येतो. दंडाच्या कातडीतून कोणाला काय मिळाले? हा आक्षेप पोकळ नाही. पोप बारावे पायस यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, निधनाच्या अवघे पाच दिवस आधी, इटलीतील प्लास्टिक सर्जनांपुढे केलेल्या भाषणात हाच विषय हाताळला होता. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्यांनी सरसकट निषिद्ध ठरवली नाही. हेतू शुद्ध असावा, आरोग्य जपले जावे आणि कारण त्या धोक्याच्या मानाने पुरेसे असावे, अशी कसोटी लावली. माझ्या मते ही कसोटी शस्त्र चालण्यापूर्वीची आहे. तेव्हा घरच्यांनी जरूर विचारावे, वादही घालावा. आणि तिनेही महिनाभर कोणाचे हात आपल्याला लागणार आहेत, ते त्यांना आधीच सांगावे. टाके पडल्यावर मात्र ती कसोटी बाजूला ठेवायला हवी. विडीने फुप्फुसे जाळून घेतलेल्या माणसाला आपण पाणी देतो, ते त्याच्या हेतूची उलटतपासणी करून नव्हे.

जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात. त्या दोहोंमधले महिने कोणी छापत नाही. त्या महिन्यांत रात्री कूस बदलता येत नाही, केस दुसऱ्याने विंचरून द्यावे लागतात आणि ओले कपडे बादलीत तसेच वाट पाहत असतात, कोणीतरी उठून ते दोरीवर घालेपर्यंत.